बाहेरगावचा सामना

मित्रांनो, फुटबॉल म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर गोल चेंडू येईल. मी तसा नाही. मी अमेरिकेतला, लांबुळका, दोन्ही टोकांना निमुळता. मला लाथाडण्यापेक्षा छातीशी कवटाळून पळणंच जास्त. आता म्हातारा झालोय. चामडं तडकलंय, हवा तर कधीच गेली. पण पोटावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं नाव अजून ठसठशीत आहे, आणि ते चुकीच्या माणसाचं आहे. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. महायुद्ध चालू होतं. त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात मला कॅन्ससमधल्या ड्राय क्रीक नावाच्या लष्करी विमानतळावर पाठवलं. तिथे विमानं दुरुस्त करणाऱ्या पोरांचा फुटबॉल संघ होता. पहिल्याच आठवड्यात माझा आतला फुगा फाटला. सगळं रबर लढाईला लागत होतं, नवा फुगा कुठून मिळणार? शेवटी ग्वोझ्देक नावाच्या धिप्पाड मेकॅनिकने ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवून मला जगवलं.

"आता तू अर्धा ट्रक झालास, गड्या," तो मला म्हणाला. "चढावर दमायचं नाही!"

संघाचा कप्तान ऑर्व्हल टीटर. नेब्रास्काचा शेतकरी, बोलायला कमी, पण हात असे की मी कधी निसटलोच नाही. त्याची बायको आयडेला गावात न्हाव्याच्या दुकानावरच्या खोलीत राहायची. तिला दिवस गेले होते, बाळ जानेवारीत यायचं होतं. ते येईल तेव्हा आपण जवळ असावं, एवढीच ऑर्व्हलची इच्छा होती. तसं वचनच त्याने तिला दिलं होतं.

तळाचे प्रमुख कर्नल प्रुइट. त्यांना जिंकण्याचं भारी वेड. पहिल्या सामन्याआधी त्यांनी माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरांनो, एकही सामना हरू नका. मग वसंत ऋतूपर्यंत तुमच्यातल्या एकालाही इथून हलवणार नाही. हा माझा शब्द!"

मग काय विचारता! पोरं जीव तोडून खेळली. महाविद्यालयांचे संघ हरवले, रणगाडेवाल्यांचा संघ हरवला. शेवटी नौदलाच्या संघाशी गाठ पडली. चिखल, बोचरा वारा, आणि समोर डोंगरासारखे खलाशी. ऑर्व्हलच्या अंगावर चार-चार जण कोसळले, नाकातून रक्त आलं, तरी त्याने मला सोडलं नाही. मला घेऊनच त्याने खलाशांच्या टोकाची गुणाची रेषा ओलांडली. आम्ही जिंकलो, मित्रांनो! अख्ख्या मोसमात एकदाही हरलो नाही!

आमच्याकडची रीत अशी, की जिंकलेल्या सामन्याच्या चेंडूवर दोन्ही संघांचे गुण रंगवायचे आणि जो सगळ्यात चांगला खेळला त्याला तो चेंडू कायमचा द्यायचा. "ऑर्व्हल! ऑर्व्हल!" सगळे ओरडले. मी मनातल्या मनात न्हाव्याच्या दुकानावरच्या त्या खोलीत पोहोचलोसुद्धा. कर्नलसाहेब म्हणाले, "द्या इकडे, मी छान रंगवून देतो." आणि मला बगलेत मारून निघून गेले.

त्यानंतर काही दिवसांनी त्यांनी संघाला मैदानात रांगेत उभं केलं. मी त्यांच्या बगलेतच होतो. तेव्हा तळावर एक कुजबुज होती, की आम्हाला नववर्षाच्या मोठ्या सामन्यासाठी कॅलिफोर्नियाला बोलावणार. पोरांची झोप उडाली होती.

"पोरांनो, एक सामना अजून उरलाय," कर्नल म्हणाले. "बाहेरगावचा. आजवरचा सगळ्यात मोठा. कोण येतंय? एक पाऊल पुढे!"

"कॅलिफोर्नियाचं ऊन आणि फुकट संत्री! आलोच साहेब!" ग्वोझ्देक सगळ्यांत आधी पुढे सरकला. मागोमाग सगळे. फक्त ऑर्व्हल जागेवर उभा.

"साहेब, परत कधी यायचं?"

"सामना संपला की."

"अरे चल की! बायको काय पळून जातेय?" कुणीतरी टोमणा मारला. ऑर्व्हल हसला आणि त्याने पाऊल टाकलं.

मित्रांनो, फौजेत त्या एका पावलाचा अर्थ तुम्हाला ठाऊक नसेल. बाँबफेकी विमानात बंदुकीवर बसायला कुणालाही जबरदस्तीने पाठवता येत नसे. माणसाने स्वतःहून पुढे यायला हवं. आणि कर्नलना वरून तगादा होता, बंदूकवाले हवेत, लवकर हवेत.

"शाब्बास!" ते म्हणाले. "सोमवारी सगळे बंदुकीच्या शाळेत. तिथून युरोप."

मग ऑर्व्हल म्हणाला, "साहेब, तुम्ही सामना म्हणालात."

"सामनाच आहे तो. ज्याला भीती वाटते त्याने मागे जावं. बघू दे सगळ्यांना."

सगळ्यांच्या देखत मागे कोण जाणार? कुणीच गेलं नाही. मी तिथेच होतो हो, त्या माणसाच्या बगलेत! मला तोंड असतं तर बोंब मारली असती.

पोरं गेली. ऑर्व्हलचं विमान जर्मनीत पडलं, त्यातच तो गेला. त्याच्या मुलीने बाप पाहिलाच नाही. ग्वोझ्देक वाचला, पण डाव्या हाताची बोटं गमावून बसला आणि पेनसिल्व्हेनियात परतला. आणि मी? माझ्यावर रंगात लिहिलं गेलं, 'कर्नल प्रुइट यांचा अजिंक्य संघ'. कर्नलसाहेबांनी मला घरी काचेच्या कपाटात ठेवलं. पाहुणे आले की मला बाहेर काढायचे आणि सांगायचे, "मी नुसतं विचारलं, देशासाठी कोण येतंय? सगळेच्या सगळे पुढे आले!" पाहुणे डोळे पुसायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दहा वर्षांनी चर्चच्या हॉलमध्ये तळावरच्या जुन्या लोकांचं जेवण झालं. मलाही मिरवायला नेलं. आयडेला आपल्या मुलीला, रोवेनाला, घेऊन आली होती. ग्वोझ्देकही लांबून आला होता. कर्नल उठले आणि पुन्हा तेच सांगू लागले. "मी विचारलं, देशासाठी कोण..."

"खोटं!" ग्वोझ्देक ताडकन उभा राहिला. "साहेब, तुम्ही बाहेरगावचा सामना म्हणालात. आम्हाला वाटलं, कॅलिफोर्निया. संत्र्यांचा विनोद मीच केला होता. आणि ऑर्व्हल तर येतच नव्हता!"

कर्नलचा चेहरा उतरला. त्यांनी घाईघाईने मला उचललं आणि रोवेनापुढे धरलं. "घे बाळ. हा तुझ्या बाबांचाच चेंडू."

इतकी वर्षं मी याचीच वाट पाहत होतो. पण आयडेलाने मुलीचा हात अडवला.

"चेंडू राहू दे तुमच्याकडे," ती म्हणाली. "त्याने मला सांगितलं होतं, 'आयडी, मी फसलो गं.' पण तुम्ही आमच्या खोलीवर येऊन म्हणालात, तो स्वतःहून पुढे आला, अभिमान बाळगा. मी त्याला विचारलं, पाऊल टाकलंस की नाही? तो म्हणाला, टाकलं. झालं! मला वाटलं, वचन मोडून हा मला टाकून चालला. मी त्याला निरोप द्यायला स्टेशनवरसुद्धा गेले नाही."

मग ती ग्वोझ्देककडे वळली. "माझ्या मुलीला सांग. पहिल्यापासून सांग."

ग्वोझ्देक सांगत राहिला आणि त्या दोघी ऐकत राहिल्या. मी खरकट्या ताटांमध्ये पडून होतो. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही, आणि त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, माझ्या चामड्याला तेल लावा असं मी म्हणणार नाही. एवढंच मागतो. तुमचं माणूस कधी "मी फसलो" म्हणत घरी आलं, तर गावातला मोठा माणूस काय म्हणतो ते नंतर ऐका. आधी त्याला जवळ बसवा. आणि गाडी सुटायच्या आत स्टेशनवर जा.