आत्ता घेऊ नका

जावईबापूंचा सल्ला आजवर कधी चुकला नाही, असं दादा ज्याला त्याला सांगायचे, आणि ते ऐकून आत्या दर वेळी नाक मुरडायची. मुरडलेलं नाक कुणाला दिसू नये म्हणून मान खाली घालून विणत बसायची. चुकणार कसा? या माणसानं आजवर कुणाला काही घ्या म्हणून सांगितलंच नव्हतं. जो कुणाला पाण्यात उतरूच देत नाही, त्याच्या देखत बुडणार कोण? पण हे साधं गणित त्या घरात एकट्या आत्याला सुटलं होतं, आणि सुटूनही तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

दादा म्हणजे आत्याचे थोरले भाऊ. जावईबापू म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीचा नवरा. तो कंप्यूटरच्या कंपनीत होता. कंपनीत कंप्यूटर होते आणि हाही होता, एवढाच दोघांचा संबंध; तिथल्या खुर्च्या, दिवे आणि पिण्याच्या पाण्याची यंत्रं यांची देखभाल त्याच्याकडे होती. पण विजेवर चालणारी कुठलीही वस्तू घ्यायची झाली की आधी जावईबापूंना विचारायचं, असा दंडक दादांनी लेकीच्या लग्नापासून घालून दिला होता. न विचारता घेतलं तर पोरीच्या सासरी काय वाटेल, हे त्यांचं म्हणणं. सासरच्यांना यातलं काही ठाऊकही नव्हतं.

या दंडकाचा प्रसाद सगळ्यात आधी वहिनींना मिळाला. त्यांनी कपडे धुण्याच्या मशीनचं नाव काढलं तेव्हा त्यांची मनगटं नुसती दुखायची. जावईबापू म्हणाले, थांबा, कमी पाण्याचं येतंय. ते आलं तेव्हा म्हणाले, आता कमी आवाजाचं येतंय. मग किमती उतरणार होत्या, मग कंपनी बदलणार होती. आता चादर पिळताना वहिनी मध्येच थांबून हात झटकायच्या आणि पुन्हा पिळायला घ्यायच्या. तक्रार नाही. उलट शेजारणीला सांगायच्या, आमचे जावई म्हणून वाचलो हो, नाहीतर ते पहिलं जुनाट मशीन गळ्यात पडलं असतं. हे ऐकून आत्याला वहिनींची कीव यायची आणि कीव आली की रागही यायचा. इतका भोळेपणा बरा नव्हे, असं तिचं मत होतं.

आत्यानं लग्न केलं नव्हतं. ती दादांच्या घरी मागच्या खोलीत राहायची आणि एका मासिकासाठी विणकामाचे नमुने काढायची. शेवटचं पान तिचं. चौकटी आखलेल्या कागदावर पेन्सिलीनं बदक, ससा, जहाज, जे काही स्वेटरवर यायचं ते भरून काढायचं. एक चौकट म्हणजे एक टाका. त्यातली मेख अशी की विणलेला टाका रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असतो. बाजारात मिळणाऱ्या चौकोनी आखीव कागदावर छान गुबगुबीत बदक काढावं, तर विणल्यावर ते रस्त्यावर गाडीखाली आल्यासारखं चपटं होतं. म्हणून आत्या स्वतःच पट्टीनं आडव्या चौकटींचा कागद आखायची. हे ज्यांना कळत नाही, त्यांना ती विणणाऱ्यांत धरायची नाही. अशांची संख्या जगात फार मोठी होती.

त्या पानाखाली तिचं नाव छापून यायचं. घर दादांचं, स्वयंपाकघर वहिनींचं, बाहेरच्या खोलीतली हाताची खुर्ची जावईबापूंची. तिचं म्हणावं असं ते एक पान होतं, आणि ते तिला जिवापलीकडे प्रिय होतं.

उन्हाळ्यात संपादकबाईंचा फोन आला. आत्याचे कागद कंप्यूटरवर उतरवून घेणारा त्यांचा माणूस काम सोडून गेला होता आणि त्याच्या जागी दुसरा घेणार नव्हते. थंडीच्या अंकापासून नमुना कंप्यूटरवर काढूनच पाठवायचा. शिकवायला मी आहे, बाई म्हणाल्या, तुम्ही फक्त एक लॅपटॉप घ्या, स्वस्तातला, रोजच्या वापरासारखा, फार काही लागत नाही. थंडीच्या अंकापर्यंत पान तुमच्यासाठी राखून ठेवते. त्यापुढे मात्र माझ्या हातात नाही.

आत्याजवळ पैसे होते. हौस भागवण्याजोगे नव्हते, पण साध्या लॅपटॉपला पुरण्याजोगे होते. तिनं जेवताना विषय काढला. दादांनी घास खाली ठेवला आणि लेकीला फोन लावला.

रविवारी जावईबापू आले. हाताच्या खुर्चीत बसले, चष्मा पुसला, कागद-पेन मागितलं. कागदावर ते कधीच काही लिहीत नसत, पण मागत मात्र दर वेळी. मग त्यांनी प्रोसेसरच्या पिढ्या सांगितल्या. पिढ्यांचा असा पाढा आत्यानं याआधी फक्त जमिनीच्या भांडणात ऐकला होता. कितव्या पिढीचं घ्यावं, कितव्या पिढीच्याला हात लावू नये, रॅम किती, बॅटरी कशी मरते, स्वस्तातल्या स्क्रीनचे रंग कसे फिके पडतात. दादा मान डोलवत होते. त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण जावई बोलतोय याचं समाधान तोंडावर मावत नव्हतं. आत्यानं मध्ये एकदा विचारून पाहिलं, की मला आडव्या चौकटी आखता येतील ना, चौकोनी नकोत. जावईबापूंनी प्रश्न ऐकला आणि माशी उडवावी तसा हात हलवला.

"ते सगळं होतं हो आत्या. तुम्हाला रोजच्या वापरालाच हवाय ना?"

"हो."

"मग घाई काय? आत्ता घेऊ नका. नवीन पिढी आली की हेच निम्म्यावर येतात."

उंटावरचा शहाणा, आत्या मनात म्हणाली. तोंडानं म्हणाली, बरं.

तो गेल्यावर मागच्या खोलीत तिनं त्याची नक्कलही करून पाहिली: चष्मा पुसायचा, कागद मागायचा, कोरा परत द्यायचा. तिला स्वतःशीच हसू आलं. आपण या घरातल्या बाकीच्यांसारख्या नाही, याचा तिला केवढा तरी आधार वाटायचा. वहिनी ऐकतात कारण त्यांना खरं वाटतं. आपल्याला खरं वाटत नाही. आपण फक्त वाद नको म्हणून गप्प बसतो.

पावसाळा सरता सरता संपादकबाईंनी पुन्हा विचारलं, तेव्हा मात्र आत्यानं छत्री उचलली आणि कुणाला न सांगता दुकान गाठलं. दुकानातली विक्रेती बडबडी नव्हती. काम काय आहे, एवढंच तिनं विचारलं, कोपऱ्यातला एक राखाडी लॅपटॉप उघडला आणि आत्याला खुर्ची दिली. आत्यानं आडव्या चौकटींचं सांगितलं. विक्रेतीनं चार ठिकाणी बोट फिरवलं आणि पडद्यावर सगळ्या चौकटी आडव्या करून दाखवल्या. मग म्हणाली, आता तुम्ही भरून बघा. आत्यानं एक चौकट भरली. ती काळी झाली. शेजारची भरली. चुकून तिसरी भरली गेली, तर ती पुसताही आली, आणि कागद फाटला नाही की काळपट डागही राहिला नाही. बदकाची चोच तयार झाली होती.

विक्रेतीनं किंमत सांगितली. जमण्यासारखी होती. आत्यानं पर्स उघडली, आणि मग तिच्या बोटांत काय शिरलं कोण जाणे, तिनं पैशांऐवजी फोन काढला. दादांना एकदा कानावर घालते, म्हणाली. दादा म्हणाले, जावईबापूंना विचारलंस का? मग तिनं जावईबापूंना लावला.

"कुठला? राखाडी?" त्यांनी दोन-तीन गोष्टी विचारल्या, आणि त्यांचा आवाज एखाद्याचं पोर विहिरीच्या काठावर उभं असल्यासारखा झाला. "हात जोडतो आत्या, आत्ता घेऊ नका. महिनाभर कळ काढा. मी स्वतः येतो तुमच्याबरोबर."

पर्स मिटताना आत्याला जे वाटलं त्याला राग म्हणता येणार नाही. तिला बरं वाटलं. चोच जमली होती, पण अख्खं बदक जमलं नसतं तर? संपादकबाईंनी फोनवरून शिकवलेलं आपल्या डोक्यात शिरलं नसतं तर? इतक्या वर्षांचं पान, आणि एवढ्याशा पडद्यापुढे आपण ठोंब ठरलो असतो तर? आता तो प्रश्न महिनाभर पुढे गेला होता आणि खापर फोडायला एक डोकंही मिळालं होतं. घरी येताना ती वाटभर जावईबापूंना शिव्या देत आली, आणि शिव्या देताना तिची पावलं कशी हलकी पडत होती.

महिना गेला. नवीन पिढी आली नाही. जावईबापू म्हणाले, आली असती, पण माल अडकलाय. आत्यानं संपादकबाईंना सांगितलं, घेतेय, बघतेय, घरचे चौकशी करताहेत. दुसऱ्यांदाही तेच सांगितलं. बाई भल्या होत्या. फोन ठेवताना त्यांनी सुस्कारा सोडला तोही हलकेच. आत्यानं तोपर्यंत नमुना कागदावर तयार करून ठेवला होता. तळं, बदक आणि मागे चालणारी पिल्लं. तिच्या आजवरच्या नमुन्यांत हा सगळ्यात देखणा होता. शेवटी नाहीतर हाच पाठवू, घेतील, आपल्याला कोण नाही म्हणणार, असंही तिला वाटत होतं. एवढे दिवस पान चाललं ते कुणामुळे? कंप्यूटरवाल्यांच्या हातून उद्या चपटी बदकं आली की बाईच धावत येतील.

तिनं कागद पाठवला. तो उलट टपाली परत आला, सोबत बाईंच्या हातच्या दोन ओळी: नमुना सुंदर आहे, पण तो उतरवायला आता आमच्याकडे कुणी नाही.

थंडीचा अंक आला तेव्हा तिनं तो मागून उघडला. पान होतं तिथेच होतं. खाली नाव दुसऱ्या कुणा बाईचं होतं. आत्यानं चष्मा लावला, खिडकीपाशी गेली आणि चूक शोधायला लागली. चूक सापडणार याबद्दल तिला काडीची शंका नव्हती. तिनं चौकटी पाहिल्या. त्या आडव्या होत्या. बदक गुबगुबीत होतं, विणल्यावरही गुबगुबीतच राहणार होतं. पंखापाशी टाके कमी करण्याची जागा तिनंही तिथेच धरली असती. तिनं पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. मग अंक मिटून मांडीवर ठेवला. हसायला काही मिळालं नाही, आणि रडायचं तर कुणाच्या नावानं, तेही कळेना.

त्याच रविवारी जावईबापू हसतच आत आले. चपला काढता काढता त्यांनी बातमी दिली. नवीन पिढी आली होती, आणि त्या राखाडी लॅपटॉपचा भाव खरोखरच उतरला होता. खुर्चीत बसून त्यांनी कागद-पेन मागितलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यावर काहीतरी लिहिलं. दुकानाचं नाव लिहिलं होतं.

"आता डोळे मिटून घ्या, आत्या. मी म्हटलं नव्हतं?"

दादांनी अभिमानानं इकडे तिकडे पाहिलं. आत्यानं आतून अंक आणला आणि शेवटचं पान उघडून जावईबापूंच्या पुढ्यात ठेवला. जावईबापूंनी चष्मा पुसून पाहिलं. त्यांना खरंच आवडलं. त्या माणसात कपट नव्हतं, ते असतं तर एक वेळ परवडलं असतं.

"वा. बदक झकास आहे. तुमचंच ना?"

"नाही. माझं पान गेलं. थंडीपर्यंतच राखलं होतं त्यांनी."

मागच्या बाजूनं वहिनी चादर आपटत असल्याचा आवाज येत होता. जावईबापूंनी पानाकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला.

"म्हणजे काम राहिलंच नाही," ते म्हणाले. "मग बरं झालं की आत्या, तेव्हा घेतला नाही ते. उगाच पडून राहिला असता."

दादांनी मान डोलवली. "बघ," ते आत्याला म्हणाले, "वाचलीस."

आत्यानं दोघांकडे पाहिलं. बोलायला पुष्कळ होतं. इतकी वर्षं मनातल्या मनात घासून धार लावून ठेवलेली वाक्यं होती, आणि आज त्यांतलं एकही उचलायचा हक्क तिला उरला नव्हता. वहिनी बिचाऱ्या खरं मानून थांबल्या होत्या. ही खोटं आहे हे ओळखून थांबली होती, आणि वर स्वतःला शहाणी म्हणवत होती. मूर्ख कोण, हे ठरवायला पिढ्यांचा पाढा लागत नव्हता. तिला स्वतःची इतकी शिसारी आली की क्षणभर खुर्चीतल्या माणसाबद्दल काही वाटेनासंच झालं.

जावईबापूंनी दुकानाचं नाव लिहिलेल्या कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. पुढे कुणाला लागला तर, म्हणाले. मग त्यांनी वहिनींना हाक मारून विचारलं की मशीनचं काय ठरलं, आणि उत्तर यायच्या आतच सांगितलं की आत्ता घेऊ नका. संध्याकाळी दादा फाटकापर्यंत पोचवायला गेले, आणि तिथे भेटलेल्या शेजाऱ्याला त्यांनी बहिणीच्या लॅपटॉपची गोष्ट अगदी पहिल्यापासून सांगितली. जावईबापूंचा सल्ला याही वेळी चुकला नव्हता.