फोटोच्या पेटीतली शेजारीण

माझा थोरला भाऊ लिफ्टचा मेकॅनिक. माणसांना वर चढवण्यात आणि सुखरूप खाली आणण्यात त्याची सगळी हयात गेली, पण स्वतः तो कुठेच चढला नाही, असं वहिनीचं म्हणणं. निवृत्त झाल्यावर लोक झाडांना पाणी घालतात, नाहीतर शेजाऱ्यांच्या भानगडींना. दादाने भंगारवाल्याकडून फोटोची जुनी पेटी आणली आणि पुढच्या खोलीत उभी केली. ती आत घ्यायला दाराची चौकट काढावी लागली. सोफा मागच्या अंगणात गेला, तो अजून तिथेच आहे. मांजराची सोय झाली.

अशी पेटी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कपाटाएवढा डबा, आत गोल फिरवून वरखाली करायचं स्टूल, समोर काच, बाजूला पडदा. नाणं टाकलं की चार वेळा लख्ख उजेड पडायचा. मग आतल्या आत कागदाची पट्टी रसायनांच्या टाक्यांत बुचकळ्या घेत फिरायची आणि थोड्या वेळाने बाहेरच्या फटीत ओलीचिंब येऊन पडायची. एकाखाली एक चार फोटो. निगेटिव्ह नाहीच, म्हणजे ती पट्टी अख्ख्या जगात एकुलती एक. हरवली की तुमचा तेवढा चेहरा गेला.

फोटोग्राफर नसायचा, हीच खरी गंमत. ‘हनुवटी जरा खाली, आता हसा’ म्हणणारा कोणी नाही. पहिल्या फोटोत माणूस नोकरीच्या अर्जाला लावायचा चेहरा करून बसे. दुसऱ्यात केस सारखे करी. तिसऱ्यात जीभ बाहेर काढी. चौथा उजेड मात्र तो बेसावध असताना पडे, म्हणून खरा माणूस बघायचा तो चौथ्यात. पडद्याआड आणखीही बरंच काही चाले. घरच्या वडीलधाऱ्यांना त्या पडद्याचा फार राग. त्यांच्या तरुणपणच्या पट्ट्या कपाटात खालच्या कप्प्यात असत.

आमची पेटी पूर्वी एका बंदरावर, प्रवाशांच्या हॉलमध्ये होती. बोटीने जाणारा आणि मागे राहणारा, दोघं त्या एका स्टुलावर गालाला गाल लावून बसत. पट्टी मधोमध फाडली जाई. वरचे दोन फोटो बोटीवर, खालचे दोन किनाऱ्यावर.

दादाने पेटी चालू केली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. पहिल्या पट्टीत तो एकटा होता, तापट आणि सुखी. त्याच्या उजव्या खांद्याजवळ पांढरट डाग पडला होता.

“उजेड गळतोय कुठूनतरी,” दादा म्हणाला. मेकॅनिकला दोष सापडला की सणासुदीसारखा आनंद होतो.

त्याने सगळ्या फटींना काळी चिकटपट्टी लावली. पुढच्या पट्टीतही डाग होता, पण खांद्याजवळ नव्हता. जरा वर, कानाच्या बाजूला होता. त्याच्या पुढच्या पट्टीत पुन्हा खाली.

“अरे, उजेड गळला तर एकाच जागी गळेल ना,” मी म्हटलं.

“तेच तर,” दादा म्हणाला. “छपराची गळती कधी खोल्या बदलत हिंडते का?”

इथे शहाण्या माणसाने पेटी परत भंगारात दिली असती. पण आयुष्यभर लिफ्टमधली बारीकशी कुरकुर शोधत अख्ख्या इमारतीला जिने चढायला लावणारा हा गृहस्थ. खराब फोटो त्याला सहन होईना. त्याने भिंग साफ केलं. डागाला कडा आल्या. रसायनं बदलली, डागाला खांदे आले. दिवे बदलले, तेव्हा एका बाजूला विंचरलेले केस आणि बंद गळ्याचा पोशाख दिसायला लागला. घाबरायचं सोडून दादा टाक्यांचं तापमान तपासत होता. भुताला घाबरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. भूत नीट येत नाही म्हणून मशीन उघडून बसणारा हा पहिलाच.

“बाई आहे,” एकदा पट्टी उजेडाला धरून तो म्हणाला. “कुणाची तरी वाट बघतेय. जागा धरून बसलीय, गाडीत रुमाल टाकून धरतात तशी.”

“मग तू तिच्या रुमालावर कशाला बसतोस?”

“मी सरकून बसतो,” दादा म्हणाला. आणि खरंच, आताशा पट्ट्यांमध्ये तो मधोमध नसायचा. एका कडेला अंग चोरून बसलेला असायचा.

वहिनीने मला स्वयंपाकघरात बोलावलं. ती भांडी पुसत होती, आणि एकच पातेलं बराच वेळ पुसत होती.

“भाऊजी, हे आता सकाळी भांग पाडतात.”

“बरं आहे की.”

“लग्नात पाडला नव्हता! माझ्या आईने मागे लागून लागून कंगवा दिला, तर यांनी त्याने पाठ खाजवली.” तिने पातेलं खाली ठेवलं. “मी हाक मारते तर दुसऱ्या गावाहून यावी तशी ‘ओ’ येते. जेवताना समोर असतात आणि नसतात. वजन तेवढंच आहे हो, काट्यावर उभं करून बघितलं. पण हे कमी झालेत.”

मी हसलो. ती हसली नाही, म्हणून मग मीही थांबलो.

“काल म्हणाले, आता फक्त डोळे यायचेत. डोळे आले की काम संपलं.” वहिनीचा आवाज खाली गेला. “कुणाचं काम, भाऊजी? मला तिचा फोटो नको. मला माझा माणूस हवाय. ती पेटी बिघडवा.”

कामं बिघडवण्याचा मला चांगला अनुभव आहे. वहिनीने दादाला केस कापायला पाठवलं. हल्ली तो अशा कामांना आनंदाने जात असे. मी पेटीचं मागचं दार उघडलं आणि भिंगाची कडी सैल करून चांगली फिरवून ठेवली. आता स्टुलावर जो बसेल तो धुक्यातून आल्यासारखा येणार. एकदा सगळंच धूसर झालं की दादा कंटाळेल, असा आमचा हिशेब.

दादा आला, भांग पाडून आत बसला. चार उजेड पडले. आम्ही तिघं फटीपाशी उभे राहिलो. आतून बुचकळ्यांचा आवाज येत होता, कोणीतरी सावकाश कपडे खळबळावेत तसा.

पट्टी पडली. ठरल्याप्रमाणे दादा धूसर आला होता. त्याचं नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो, कळत नव्हतं. ती मात्र लख्ख आली होती. गळ्याचं बटण, कपाळावरची सुटलेली बट, सगळं. डोळे आले होते. दादाकडे ती बघतच नव्हती. सरळ समोर, काचेतून बाहेर बघत होती.

दादाने पट्टी निरखली आणि माझ्याकडे वळला.

“भिंग कोणी फिरवलं? तूच ना, बारक्या?”

“हो.”

“त्याने जवळचं स्पष्ट येतं, लांबचं पुसट.” तो शांतपणे समजावू लागला, जणू मी त्याच्या हाताखाली उमेदवारी करतोय. “मी स्टुलावर होतो, म्हणून पुसट आलो. ती काचेशी आली होती. अगदी नाक लावून.”

वहिनीने त्याच्या हातातली पट्टी काढून घेतली. धूसर नवऱ्याकडे पाहिलं, मग समोर उभ्या असलेल्याकडे पाहिलं. दोन्हींत फार फरक नव्हता, असं मलाही त्या क्षणी वाटलं, आणि हे मी कुणाला बोललो नाही.

“भिंग सरळ करा,” ती म्हणाली.

“अगं, पण तुला तर...”

“करा म्हणते ना!”

दादाने भिंग सरळ केलं. वहिनीने पदर खोचला, त्याच्या मनगटाला धरून त्याला आत नेलं, स्टुलावर बसवलं आणि उरलेल्या जागेत स्वतः बसली. म्हणजे जवळजवळ त्याच्या मांडीवरच. पडदा ओढला गेला. आतून तिचा आवाज आला, आणि तो दादाशी बोलण्याचा नव्हता.

“हे बघ बाई, तुझं कोण यायचं राहिलंय ते मला ठाऊक नाही. वाईट वाटतं. पण हा माझा आहे. घोरतो, ऐकत नाही, सोफा अंगणात टाकतो, तरी माझा आहे. उठ.”

उजेड पडला. “अहो, सरळ बसा. मध्ये बसा!” दुसरा पडला. तिसऱ्याला दादा ओरडला, “अगं, माझा पाय!” चौथ्याच्या वेळी आत दोघंही हसत होते. किती दिवसांनी तो आवाज ऐकला.

पट्टी आली. चारही फोटोंत दोघंच होती. पहिल्यात वहिनीचा दरारा, दुसऱ्यात दादाचा कोंबलेला खांदा, तिसऱ्यात त्याचा कळवळलेला जबडा, आणि चौथ्यात दोन म्हातारी माणसं, तोंड उघडं टाकून हसणारी, केसन् केस स्पष्ट. डाग नाही, सावली नाही, काही नाही.

“गेली!” मी म्हटलं. वहिनीने डोळे पुसले. दादाने तिच्या हाकेशिवाय तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “भूक लागलीय गं मला.” तो पूर्ण परत आला होता. आवाजावरूनच कळत होतं.

वहिनी वाढायला वळली आणि थांबली.

“अहो, ती गेली म्हणजे कुठे गेली?”

दादाने पट्टी पुन्हा पाहिली. काम नीट झालं की तो जसा बोलतो, तसंच बोलला.

“मशीन आता बिनचूक आहे. आत असती तर आली असती. फोटोत नाही, म्हणजे आत नाही.”

पडदा अर्धा उघडा होता. आम्ही तिघंही पेटीकडे बघायचं टाळून एकमेकांकडे बघू लागलो, आणि तेही लवकरच थांबवलं, कारण दर वेळी खोलीत किती जण आहेत ते मोजल्यासारखं व्हायचं.

“तूच म्हणालीस ना तिला, उठ म्हणून,” दादा हळूच म्हणाला.

वहिनीने जाऊन पुढचं दार सताड उघडलं. रस्त्यावर दुपारचं ऊन होतं, एक सायकल गेली. “जायचं असेल तर वाट मोकळी आहे,” ती बाहेर बघत म्हणाली, मोठ्याने, पाहुण्यांना म्हणावं तसं. मग आम्ही जेवलो.

संध्याकाळी वारा सुटला. कागद उडू लागले, मांजर आत आलं आणि खोलीच्या मध्यावर थबकून परत बाहेर गेलं. दार लावायला हवं होतं. पण ती बाहेर गेल्यावर लावायचं होतं, आणि ती गेली का, हे आमच्यातल्या कोणालाच सांगता येईना. दादा उठला, कडीला हात लावला, आणि तसाच उभा राहिला.

“थांबा,” वहिनी म्हणाली. “अजून थोडा वेळ.”

दार अजून उघडंच आहे.