लाल झालेलं फडकं

मी एक जुनं धोपटणं आहे. हसू नका, मित्रांनो! कपडे बडवायची ही लाकडी फळी आज न्हाणीच्या कोपऱ्यात धूळ खात पडली असली, तरी एके काळी माझा आवाज नदीपलीकडे ऐकू जायचा.

सुताराने मला चिवट लाकडातून घडवलं. माझी मालकीण परटीण. नवरा वारल्यावर तिने माझ्या जिवावर घर चालवलं. "काय हात आहे बाईचा, डाग नावाला उरत नाही," असं लोक म्हणत. मला वाटे, थोडं कौतुक माझंही करा की!

तिच्या दोन खोल्यांवर दिराचा डोळा होता. त्याचा मुलगा तापाने फणफणला आणि त्याला आयतं निमित्त मिळालं. वहिनीनेच करणी केली, असं म्हणत त्याने मांत्रिक आणला. मांत्रिकाने नदीकाठी गावासमोर तिच्यापुढे एक पिवळं फडकं टाकलं.

"साबणाने धू. लाल झालं, तर तूच चेटकीण."

भोवती काठ्या घेतलेले पुरुष. तिचं घर जाणार होतं, कदाचित जीवही.

"अहो, हळदीचं फडकं आहे हे, साबणाने लाल होणारच!" ती कळवळून म्हणाली. पण तिचं कोण ऐकतो? साबण लागला आणि फडकं लालभडक झालं. काठ्या उगारल्या गेल्या.

तेवढ्यात तिची धाकटी जाऊ, त्या आजारी मुलाची आई, पुढे आली. नवऱ्यासमोर कधी मान वर न करणारी ती बाई! तिने स्वयंपाकातलं हळदीचे हात पुसायचं फडकं कमरेचं काढलं, साबण चोळला आणि मला उचलून दणादण बडवलं. तेही लाल!

"घ्या! रोज होतं हे. जन्मात कधी फडकं धुतलं असतंत, तर कळलं असतं. आता मलाही मारा."

मग घाटावरची एकेक बाई आपलं फडकं घेऊन धुवायला बसली. सगळी लाल! म्हातारी सुईण मांत्रिकाला म्हणाली, "एवढ्या चेटकिणी हाकलल्यास, तर बाबा, तुला जेवायला कोण वाढणार?"

मांत्रिकाने काढता पाय घेतला. दोघी जावांनी मुलाला दवाखान्यात नेलं आणि तो बरा झाला. धाकट्या जावेच्या त्या दणक्यात माझी कड तडकली. त्या तड्याचा मला फार अभिमान आहे.

आता घरात यंत्र आलंय, मला कोण विचारतो? चालायचंच. मला जपा, असं मी म्हणणार नाही. पण मुलग्यांनो, आपलं फडकं आपण धुवा. आणि एकट्या बाईकडे कुणी बोट दाखवलं, तर गप्प राहू नका. त्या दिवशी घाटावरच्या सगळ्या बायकांना खरं ठाऊक होतं, मित्रांनो. पण आधी एकीला उठावं लागलं.