कोरं नाव चालेल

नावाच्या रकान्याशेजारची तांबडी चांदणी... हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असं बजावणारी. लेफ्तेरिस केव्हाचा तिच्याकडे बघत होता. ग्रीसमधल्या व्होलोस शहरातल्या पाळणाघरांच्या प्रवेशाचा, त्यानेच उभा केलेला ऑनलाइन फॉर्म; मॉडेलमध्ये, म्हणजे माहिती साठवण्याच्या साच्यात, नाव सक्तीचं, म्हणून फ्रेमवर्कने त्यावरून आपसूक बनवलेल्या फॉर्मातही सक्तीचं, आणि सकाळपासून आयांचे फोन — बाळाचा बाप्तिस्मा व्हायचाय हो अजून, नाव कुठून आणू? चूक त्याचीच होती. निदान त्याला तरी हे सुचायला हवं होतं. घरी अकरा महिन्यांची मुलगी होती आणि तिला सगळे नुसतं ‘बेबा’, म्हणजे बाळ, म्हणत.

चालीप्रमाणे तिला त्याच्या आईचं नाव मिळायचं, स्तमातिया. पण आरेतीने — त्याच्या बायकोने — बाळंतपणाच्या खाटेवरून एकदाच सांगितलं होतं, माझ्या गेलेल्या बहिणीचं ठेवू या, इओली. तो म्हणाला होता, बघू. आईलाही तो तेच म्हणाला होता. दोघी गप्प राहिल्या, आणि त्या गप्प राहण्याची त्याला हळूहळू सवय झाली.

“सक्ती काढून टाक ना सरळ,” शेजारच्या टेबलावरून वासो म्हणाली.

“मॉडेलला हात नाही लावायचा. फॉर्ममधली तपासणीच बदलतो. बाप्तिस्मा बाकी असेल तर नाव कोरं चालेल, जतन करताना तिथे आपोआप ‘बेबा’ पडेल.”

“आणि हे किती दिवस चालणार? तुझ्यासारखा बाप असला तर पोरगी बेबा म्हणूनच बोहल्यावर चढायची!”

तो हसला. मुदत त्याने घातली नाही.

चार ओळी लिहून झाल्यावर त्याने मुलीचीच जन्मतारीख टाकून पाहिली, नाव कोरं ठेवून. फॉर्मने निमूट स्वीकारलं. उद्याही स्वीकारील, वर्षानेही... इतकं बिनबोभाट, की त्याला एकदम अवघडल्यासारखं झालं. नाव ठरायचं राहिलंच नव्हतं. इओली — खाटेशेजारी उभा असतानाच त्याने मनात ठरवून टाकलं होतं. राहिलं होतं फक्त आईला सांगायचं. आणि आई ब्याऐंशी वर्षांची, गेल्या हिवाळ्यापासून अंथरुणाला खिळलेली... आपण इतके दिवस कशाची वाट बघत होतो, हे त्याला कळलं. त्याला स्वतःची किळस आली, आणि तरीही, सांगायची वेळ कदाचित येणारच नाही, हा विचार काही केल्या मनातून जाईना.