शब्द बाईंकडे होते

चौघांच्या गाणाऱ्या कंपूतून बाई गेल्या, तेव्हा भांडणतंटा काही झाला नाही. दुसऱ्या शहरात बदली झाली, निरोपाचा केक कापला आणि त्या गेल्या. मागे उरले तिघं: घड्याळवाला, लाँड्रीवाली आणि दवाखान्यातल्या सिस्टर. कंपूत वाद्य एकही नाही, आणि अकरा वर्षं शब्द म्हणायच्या त्या एकट्या बाई. बाकीचे मागे नुसते 'आ' आणि 'हूं' करायचे. सुरेख करायचे, नाही असं नाही, पण तेवढ्याला गाणं कोण म्हणणार?

"घरातही तुम्ही 'हूं'च्या पुढे जात नाही," घड्याळवाल्याची बायको म्हणाली. "आता चारचौघांत तोंड उघडणार?"

त्याने हसण्यावारी नेलं, पण मनातून तो धास्तावला होता. दिवसभर डोळ्याला भिंग लावून एकट्याने बसायचं. त्याला मंगळवारचा सराव म्हणजे जीव की प्राण. आणि लाँड्रीवालीने तर बजावलंच होतं, "दादा, शनिवारचा वाचनालयातला कार्यक्रम फसला तर गाशा गुंडाळायचा. उगाच हसं नको."

तिघांनी कडवी वाटून घेतली, घोकून पाठ केली. दुसरं घड्याळवाल्याच्या वाट्याला आलं.

शनिवारी पहिलं कडवं सिस्टरनी निभावून नेलं. दुसरं आलं आणि घड्याळवाल्याचा गळा सवयीने सरळ खर्जात उतरला. "हूं..." दोघी आपापल्या 'आ'वर ठाम. तिघं अगदी मन लावून साथ करत होते आणि गाणारं कोणीच नव्हतं! हे त्याच्या जरा उशिराच ध्यानात आलं. शब्द काही केल्या आठवेनात. गेले आपले मंगळवार, त्याला वाटलं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतल्या एका आजोबांनी कडवं उचललं. त्यांना गप्प करायचं सोडून त्यांच्या सुनेनेही आवाज मिळवला, मग मागची रांग सुरू झाली. अकरा वर्षं ऐकून ऐकून या मंडळींना सगळं तोंडपाठ होतं, आणि या तिघांना त्याचा पत्ताच नव्हता. तिघांनी मग कसर ठेवली नाही. खालून असा भरघोस सूर धरला, की आजोबांचा कापरा आवाजही ऐटीत चालू लागला. घड्याळवाल्याला इतका आनंद कित्येक दिवसांत झाला नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर आजोबा पुढे आले. "सराव कधी असतो तुमचा?"

"मंगळवारी, सहाला," घड्याळवाला घाईघाईने म्हणाला. "याल?"

आजोबांच्या मागे आणखी सात-आठ जण येऊन उभे राहिले होते. लाँड्रीवालीने सगळ्यांवरून नजर फिरवली.

"येताना खुर्च्या घेऊन या," ती म्हणाली. "आमच्याकडे चारच आहेत."