अर्धवट राहिलेली पत्रिका

छपाईच्या दुकानात दिपालीने लग्नपत्रिकेतल्या नावाआधीचं ‘श्री.’ खोडून ‘लिं.’ टाइप केलं, सेव्हचं बटण दाबलं, आणि नेमकी तेव्हाच गेवराईतली लाईट गेली.

“घ्या! आता बसा हात चोळत,” मन्मथ वैतागून म्हणाला.

मल्लम्माला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याचा रागही आला. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा बसवेश्वर घरच्या दुकानाचा माल आणायला सोलापूरला गेला तो परतलाच नाही. आता लेकीचं, रुद्राणीचं, लग्न ठरलं तर व्याही हटून बसले होते. बाप हयात आहे की लिंगैक्य झाला, ते पत्रिकेत एकदाचं नीट छापा. धाकटा दीर मन्मथ लगेच तयार झाला. त्याचं काय जात होतं? नावाआधी ‘लिं.’ लागलेली पत्रिका गावभर वाटली की कुंकू मल्लम्माचं जाणार होतं, तेही लेकीच्या मांडवात.

पंखा थांबला होता. पदराच्या टोकाने तिने कपाळाचा घाम टिपला, कुंकवाला धक्का न लावता. उठून छपाईच्या दुकानाच्या दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा उठली.

“सगळंच गेलं का गं पोरी?”

“न्हाई काकू. जुन्या कम्प्युटरवर जायचं. निळा पडदा यायचा, लई वेळ तपासत बसायचा, अन् फाईल तुटकीच हाती यायची. ह्याचं तसं न्हाई. काय करायचंय ते हा आधी बाजूला टिपून ठेवतो, मग करतो. लाईट आली की टिपण बघतो. टिपण पुरं असलं तर राहिलेलं काम उरकून टाकतो. तेच अर्धं असलं तर सोडून देतो, पहिलं होतं तसं ठेवतो.”

“अधांतरी न्हाई ठेवत?”

“न्हाई. हे तरी, न्हाई तर ते तरी.”

मल्लम्मा दारातच थबकली. आधी टिपून ठेवतो.

बसवेश्वर सोलापूरला गेला त्या सकाळी देवघरात तिला त्याचं गळ्यातलं इष्टलिंग सापडलं होतं, चांदीच्या डबीत, दोऱ्यासकट. आंघोळीलाही न उतरवलेलं. गळ्यातलं लिंग काढून ठेवून कुणी माल आणायला जात नाही, कायमचाच जातो, हे लिंगायताच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. तिने डबी ज्वारीच्या कणगीत तळाशी खुपसली आणि आल्यागेल्याला सांगत राहिली, येतील आज-उद्या. सख्ख्या दिरालाही कळू दिलं नाही. सहा वर्षं ती वरवरची ज्वारी काढत होती, तळ दिसायच्या आत नवं पोतं ओतत होती. जिवाला नुसता घोर.

लाईट आली. कम्प्युटर घरघरला, निळा पडदा न दाखवता उघडला. पत्रिकेत ‘श्री. बसवेश्वर’ होतं.

“सेव्ह पुरं झालंच नव्हतं,” दिपाली म्हणाली. “पुन्हा लिहू?”

मन्मथ त्या नावाकडे बघत राहिला. सकाळपासून घाई करणारा माणूस, त्याचा आवाज एकदम ओला झाला.

“राहू द्या वहिनी. महादेवाच्याच मनात न्हाई. व्याह्यांचं मी बघतो.”

हेच ऐकायला ती तडफडत होती. आता ऐकलं तर कणगीतलं टिपण आठवलं: ते पुरं होतं, राहिलेलं काम तिनेच अडवलं होतं.

“भावजी, घरी कणगीत तळाला एक वस्तू हाय. तुमच्या भावानं जाताना ठेवलेली. मी दडवली.”

“कसली वस्तू?”

मल्लम्माचा हात पदराआड स्वतःच्या गळ्यातल्या लिंगावर गेला. ते पाहून मन्मथचाही हात शर्टाच्या आत, छातीवर गेला आणि तिथेच राहिला.

“लिही पोरी,” मल्लम्मा म्हणाली. “लाईट हाय तवर लिही.”

दिपालीची बोटं चालली. पंखा जोरात फिरत होता, तरी मल्लम्माने पदर घेतला आणि कपाळ पुसलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत.