पंतांच्या चित्राहुती

पंतांनी गाजराचा तुकडा चोचीत धरला, आश्लेषावर एक डोळा रोखला आणि तो पिंजऱ्याबाहेर, थेट तिच्या पायावर सोडला.

"शिव्या तेवढ्या द्यायच्या राहिल्या," सासरे म्हणाले.

"बाबा, हसू नका हो. लिव्हरवर चरबी चढलीये त्यांच्या. सूर्यफुलाच्या बिया बंद केल्या नाहीत तर..." पुढचं वाक्य तिने गिळलं. तीन वर्षांची नीना सोफ्यावरून सगळं ऐकत होती.

पंत म्हणजे हिरवागार, लाल चोचीचा, गळ्यात काळा गोफ असलेला पोपट. नवऱ्याच्या, केदारच्या ऑफिसातला ऋषी कायमचा पुण्याला परत गेला, तेव्हा पिंजरा आणि बियांची भलीमोठी पिशवी यांच्या घरी ठेवून गेला. अमेरिकेत, नेपरव्हिलच्या बर्फात नीनाला तेवढीच सोबत, म्हणून आश्लेषा हो म्हणाली. आता नीनाच्या खोकल्याच्या जोडीला पंतांचं लिव्हरही तिच्याच डोक्यावर होतं.

वाचन तिने दाबून केलं होतं. केलची पालेभाजी बारीक चिरून झाली, ब्रोकोलीचे तुरे टांगून झाले, पोपटांसाठीचं ते पौष्टिक दाणेदार खाणं भिजवून झालं. बिया कमी केल्या की पंत सरळ उपाशी बसायचे. आणि उपास पोपटाला सोसत नाही, असंही डॉक्टरांनी बजावलेलं. रोज सकाळी ती त्यांना स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर उभं करायची. आकडा घसरत होता.

"दे यार थोड्या बिया," केदार म्हणाला. "भुकेने जाईल तो."

"दिल्या तर लिव्हरने, नाही दिल्या तर भुकेने. तूच ठरव."

जेवताना पिंजरा बंद, हा तिचा नियम. त्या संध्याकाळी मात्र नीनाने गुपचूप कडी काढली होती. बाबांनी नेहमीप्रमाणे ताटाभोवती पाणी फिरवलं आणि उजव्या हाताला, टेबलावरच, साध्या भाताचे चिमूट-चिमूट पाच ढीग मांडले. मुंज झाल्यापासून बाबांनी चित्राहुती चुकवल्या नव्हत्या, आणि ते इथे आल्यापासून जेवणानंतर तिथे वाइप फिरवायला आश्लेषा चुकली नव्हती.

पंख फडफडले. सगळ्यांच्या माना खाली. पंत बाबांच्या ताटाशेजारी उतरले, मान तिरकी केली, पहिला ढीग उचलला. मग दुसरा.

"कुणी हलू नका," आश्लेषा कुजबुजली.

रोज कुणासाठी तरी वाढलं जातं आणि तो पाहुणा येतच नाही, हे पंतांनी पिंजऱ्यातून किती दिवस पाहिलं असेल कोण जाणे. पाचही ढीग संपले. शेवटचं शीत टेबलावरून टिपून ते बाबांच्या मनगटावर चोच पुसू लागले.

"बाबा," आश्लेषा हळूच म्हणाली, "उद्या त्या भातात थोडं गाजर किसून घातलं तर?"

बाबांचा घास हातातच राहिला. "चित्राहुती भाताच्या असतात. गाजराच्या मी ऐकल्या नाहीत."

"आणि ब्रोकोलीच्या?"

"अगं, चित्रगुप्ताच्या, यमधर्माच्या नावाने घालतात त्या! गंमत आहे का?"

"मग तर बरंच की. यमाला गाजर आवडलं तर पंतांना सोडून देईल."

बाबांना इतकं हसू आलं की ठसका लागला. नीनाने त्यांना पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी भातात गाजर पडलं.

मग रोज भात थोडा कमी, भाजी थोडी जास्त. पुढे ते दाणेदार खाणंही कुटून त्यात गेलं. "आज यमधर्माला केल!" बाबा जाहीर करायचे आणि नीना टाळ्या पिटायची. बिया सुटल्या. काट्यावरचा आकडा आधी थांबला, मग वर सरकला.

पण बाबांच्या व्हिसाचे सहा महिने संपत आले. ते गेल्यावर चित्राहुती कोण घालणार? केदारने एकदा प्रयत्न केला. डावा हात फोनवर, उजव्याने घाईघाईत ढीग. पंतांनी त्याच्याकडे पाठ फिरवली.

"तू का नाही घालत?" बाबांनी तिला विचारलं.

"मी? बायकांनी घालायच्या नसतात ना?"

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात."

बाबांनी कान खाजवला. "तेव्हा घरात पोपट नव्हता." मग म्हणाले, "पण एक सांगतो. आधी ताटावर बसावं लागतं. आणि मधेच उठायचं नाही."

ही अट अवघड होती. नीना झाल्यापासून आश्लेषा ओट्याशी उभ्यानेच चार घास गिळत आली होती.

बाबांना विमानतळावर सोडून आल्यावर, त्याच संध्याकाळी, ती ताटावर बसली. पाणी फिरवलं, पाच ढीग मांडले. भात नावापुरता. पंत आले ते बाबांच्या रिकाम्या खुर्चीवर. खुर्चीच्या पाठीवरून फिरले, खाली वाकून पाहिलं, बारीक आवाजात काहीतरी बोलले. एक बी हातात धरून बोलवावं का? ती बसूनच राहिली.

"पंत, कम ऑन, जेवायला!" नीना ओरडली.

ते टेबलावर उतरले, तुरुतुरु चालत आले. पहिला ढीग चोचीत. चावला, गिळला. दुसऱ्याकडे वळले.

"अगं, ताक राहिलं फ्रीजमध्ये," केदार म्हणाला.

"तू आण," आश्लेषा म्हणाली. "आम्ही जेवतोय."